प्रतिमा काढणे

'आयकॉन' हा शब्द पुण्यात सध्या फार स्वस्त झाला आहे. चौकातल्या फ्लेक्सवरचा होतकरू पुढारी 'यूथ आयकॉन' असतो, पुरवणीतला बिल्डर उद्योगक्षेत्रातला 'आयकॉन' असतो आणि मोबाइलच्या काचेवर ज्यावर बोट टेकवायचे तो इवलासा चौकोनही आयकॉनच. मात्र हा शब्द ज्या वस्तूचा, ती लाकडी फळीवर अंड्याच्या बलकात रंग कालवून केलेली येशूची, मारियेची किंवा एखाद्या संताची आकृती. तिच्याविषयी मराठीत चार ओळी लिहायच्या म्हटल्या की लेखणी अडखळते. तिला म्हणायचे काय? मूर्ती म्हणावे तर ती सपाट. चित्र म्हणावे तर जे तिच्यापुढे दिवा लावतात ते तिला नुसते चित्र मानत नाहीत. तसबीर म्हटले की काच आणि चौकट डोळ्यांपुढे येते. आणि आयकॉन म्हणावे, तर वाचकाला तो फ्लेक्स आठवणार.

मूळ ग्रीक शब्द 'एइकोन'. 'सारखे असणे' अशा अर्थाच्या क्रियापदावरून तो झाला, म्हणजे त्याचा पहिला अर्थ सारखेपणा, साम्य. त्याच्या शेजारी ग्रीकमध्ये दुसरा शब्द राहतो, 'एइदोलोन'. इंग्रजी 'आयडॉल' त्याच्यापासूनचे. हा निघाला 'एइदोस', म्हणजे डोळ्यांना दिसते ते रूप, यावरून. या एइदोसच्या मुळाशी जो धातू आहे त्याचेच संस्कृतातले भावंड म्हणजे 'विद्'. वेद, विद्या, विदित ही सगळी त्याची लेकरे. एकोणिसाव्या शतकात मिशनरी मंडळी आपल्याकडच्या 'आयडॉलट्री'वर कोरडे ओढत होती आणि शास्त्रीमंडळी वेदांचे दाखले देऊन त्यांना उत्तरे देत होती. दोन्ही बाजूंचे हुकमाचे शब्द एकाच घराण्यातले, पण भांडणात अशा सोयरिकीचा कोणाला उपयोग नसतो.

ख्रिस्ती धर्माने या दोन ग्रीक शब्दांची वाटणी करून टाकली. एइदोलोन त्याज्य, एइकोन आदरणीय. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात दहा आज्ञांमध्ये मनाई आहे ती एइदोलोनला. देव माणसाला घडवतो ते मात्र आपल्या एइकोनप्रमाणे. मराठी बायबलात ही वाटणी नीट उतरली आहे. आज्ञेत 'कोरीव मूर्ती' आहे, उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात 'प्रतिरूप' आहे, आणि पौलाच्या कलस्सैकरांस पत्रात ख्रिस्ताला अदृश्य देवाचे जे म्हटले आहे तेही 'प्रतिरूप'च. गंमत पुढेच आहे. कर द्यावा की नाही, असे विचारणाऱ्यांना येशू एक नाणे आणायला लावतो आणि त्यावर कोणाचे चित्र आहे म्हणून विचारतो. तिथेही ग्रीकमध्ये शब्द एइकोनच आहे. मराठी भाषांतरकाराने तिथे लिहिले 'मुखवटा'. मला ही निवड फार आवडते. गौरींचे मुखवटे, देवांचे पितळी-चांदीचे मुखवटे पाहत वाढलेल्या वाचकाला धातूतला चेहरा म्हटल्यावर दुसरे काय सुचणार? एका ग्रीक शब्दाला मराठीत दोन घरे मिळाली: धर्मशास्त्रात प्रतिरूप, बाजारात मुखवटा.

'मूर्ती'ने मात्र या दोन घरांत पाऊल टाकले नाही, आणि व्युत्पत्ती पाहिली तर ते बरेच झाले. मूर्ती हा शब्द 'मूर्च्छ्' या धातूपासून येतो. घट्ट होणे, गोठणे, आकार धरणे हा त्याचा एक अर्थ. माणसाला येणारी मूर्च्छा त्याच धातूची. दूध विरजून दही लागावे, तसे निराकार जिथे घट्ट होऊन बसले ती मूर्ती. शब्दातच लांबी, रुंदी आणि जाडी आहे. पूर्वेकडच्या ख्रिस्ती चर्चांनी, म्हणजे ग्रीक, रशियन वगैरे ऑर्थोडॉक्स परंपरांनी, नेमकी ही जाडीच संशयास्पद ठरवली. चारी बाजूंनी फिरून पाहता येईल असा पुतळा त्यांच्या देवळात सहसा बसत नाही. रोमन कॅथलिकांना पुतळ्यांचे वावडे नव्हते, म्हणून गोव्यात आणि वसईत आपल्याला पुतळेच जास्त दिसतात.

गोव्यातल्या ख्रिस्ती कोंकणीने आणखी वेगळी वाट धरली. तिने 'मूर्त' हा शब्द हिंदूंसाठी सोडून दिला आणि स्वतःसाठी पोर्तुगीज 'इमाजें'वरून 'इमाज' घेतला. वस्तू तीच, घडवणारा हातही पुष्कळदा तोच, पण देव बदलला की शब्द बदलला. तो हात हीच पोर्तुगीजांची डोकेदुखी होती. १५४० च्या दशकातच पोर्तुगालच्या राजाकडे तक्रारी गेल्या, की हिंदू चितारी ख्रिस्ताची आणि मारियेची चित्रे काढून दारोदार विकतात; आणि तिकडून त्याला बंदीचे हुकूम आले. हुकूम पुन्हा पुन्हा काढावे लागले, यावरून ते किती पाळले गेले हे कळते. 'चितारी' हा शब्द मराठी-कोंकणीत चित्रे काढणाऱ्या जातीचा आणि धंद्याचा. सावंतवाडीची लाखेची रंगीत खेळणी चिताऱ्यांची, आणि नागपूरच्या महालातली चितार ओळ गणपतींसाठी प्रसिद्ध. चित्र काढणाऱ्याची ओळ, आणि विकल्या जातात मूर्ती! भाषेने घातलेले कुंपण धंद्याने कधीच मानलेले नाही.

हे सगळे पुण्याशी कुठे जुळते? शिवाजीनगरला जुळते. तेव्हाच्या भांबुर्ड्यात विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाअखेर ख्रिस्त सेवा संघाचा आश्रम उभा राहिला. जॅक विन्स्लो या इंग्रज धर्मगुरूने १९२२ साली अहमदनगरकडे हा संघ सुरू केला होता. रेव्हरंड ना. वा. टिळकांचे इंग्रजी चरित्र लिहिणारे विन्स्लो ते हेच. पुढे १९३४ मध्ये संघाचे दोन भाग झाले आणि पुण्यातल्या भागाचे नाव ख्रिस्त प्रेम सेवा संघ पडले. संघ आणि आश्रम हे दोन्ही शब्द जाणूनबुजून उचललेले होते. व्हेरिअर एल्विन भारतात आला तो याच संघात, आदिवासींकडे गेला तो नंतर.

या आश्रमात एक गोवेकर चित्रकार येऊन राहिला: आंजेलो द फोन्सेका. जन्म १९०२, गाव सांतो इश्तेव्ह. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये तो शिकला, तिथल्या युरोपीय वळणाला कंटाळून शांतिनिकेतनला गेला आणि अवनींद्रनाथ टागोर, नंदलाल बोस यांच्या वळणाचा होऊन परत आला. मग त्याने मारिया काढली ती साडी नेसलेली, सावळी, इथल्या मातीवर अनवाणी बसणारी. गोव्यातल्या प्रतिष्ठित ख्रिस्ती समाजाला आणि पाद्रींना हे पटले नाही. शेजारणीसारखी दिसणारी मारिया त्यांना परकी वाटली, आणि इटलीहून आलेली गोरी सोनेरी केसांची मारिया आपली! टीका झाली, फोन्सेकाने गोवा सोडला आणि पुण्याला आपले घर केले. १९६७ साली पुण्यातच त्याचे निधन झाले. टॉमस स्टीफन्सने १६१६ मध्ये 'क्रिस्तपुराण' छापताना वैकुंठासारखे शब्द बेलाशक वापरले, त्याबद्दल आज त्याची पाठ थोपटली जाते. तेच काम रंगांत करणाऱ्याला तीनशे वर्षांनंतर गाव सोडावे लागले. अक्षरांपेक्षा चित्र लोकांना जास्त बोचते, एवढाच याचा अर्थ.

फोन्सेका बायझंटाइन अर्थाने आयकॉनकार नव्हता, हे स्पष्ट सांगायला हवे. त्याचे माध्यम मुख्यतः जलरंग, बंगाली 'वॉश' पद्धतीचे: रंग द्यायचा, कागद पाण्यात भिजवायचा, वाळू द्यायचा, पुन्हा रंग द्यायचा. पण काम प्रार्थनेसाठी, विषय ठरलेले, आणि चित्रकाराचे स्वतःचे नाव मोठे करण्याची घाई नाही, या तीन गोष्टींत तो त्या परंपरेच्या फार जवळ येतो. शनिवार पेठेतल्या स्नेहसदनाचे जर्मन जेझुइट फादर मॅथ्यू लेडर्ले यांनी भारतातल्या ख्रिस्ती चित्रकलेवर जे इंग्रजी पुस्तक लिहिले, ते १९८७ साली प्रसिद्ध झाले. या विषयाला पुण्याने दिलेली ही दुसरी मोठी देणगी. मराठीत तसे पुस्तक नाही, म्हणूनही शब्दाचा प्रश्न लोंबकळत राहिला असावा.

माझ्या मते शब्द आहे, आणि तो आपण दर महिन्याला वापरतो. जयंती-पुण्यतिथीच्या कोणत्याही बातमीत वाचा: 'प्रतिमेस पुष्पहार अर्पण करून अभिवादन.' तिथे कोणी 'फोटोला हार घातला' असे छापत नाही. फोटो तोच असतो, स्टुडिओतून मोठा करून आणलेला, पण टेबलावर पांढरे कापड अंथरून त्यावर ठेवला, खाली नाव लिहिले, हार घातला, की त्याची प्रतिमा होते. महात्मा फुल्यांची प्रतिमा, शाहू महाराजांची प्रतिमा, बाबासाहेबांची प्रतिमा. सपाट, समोरून पाहायची, नावानिशी ओळखायची आणि आदर करायची वस्तू. आयकॉनची व्याख्या याहून वेगळी काय आहे?

आणि प्रतिमेच्या मागोमाग तो जुना वादही मराठीत आलेला आहे. निमंत्रणपत्रिका पाहिल्या तर काहींवर 'प्रतिमापूजन' असते आणि काहींवर 'प्रतिमेस अभिवादन'. ज्यांना पूजा नको असते ते अभिवादन लिहितात, आणि तो फरक त्यांच्या दृष्टीने छोटा नसतो. याच फरकावर बायझंटाइन साम्राज्य शंभरावर वर्षे पेटलेले होते. आठव्या शतकात सम्राटांनी प्रतिमा फोडायला, पुसायला लावल्या. ७८७ साली निकियाच्या दुसऱ्या धर्मसभेने निकाल दिला: 'लात्रेइया', म्हणजे खरी आराधना, फक्त देवाची, प्रतिमेला 'प्रोस्किनेसिस', म्हणजे वाकून केलेले वंदन. प्रतिमेला दिलेला मान तिच्यावर थांबत नाही, ज्याची ती प्रतिमा त्याच्याकडे पोचतो, हे संत बासिलचे म्हणणे त्यासाठी आधाराला घेतले गेले. यानंतरही फोडाफोडीची आणखी एक लाट आली आणि ८४३ मध्ये वाद कायमचा मिटला.

पूर्वेकडे मिटला, पण पश्चिमेकडे भाषांतराने नवा गोंधळ घातला. सभेचा निकाल रोममध्ये लॅटिनमध्ये उतरवताना प्रोस्किनेसिसला शब्द योजला 'आदोरातिओ', जो आराधनेकडे झुकतो. शार्लमेनच्या दरबारातल्या पंडितांनी ते वाचले आणि ते खवळले: हे ग्रीक लोक तर चित्रांची आराधना करा म्हणतात! त्यांनी निकियाच्या विरोधात एक जाडजूड ग्रंथच लिहून काढला. अभिवादनाच्या जागी पूजन पडले आणि दोन दरबारांत वितुष्ट आले. पत्रिकेचा मजकूर दोनदा तपासणारे आपल्याकडचे कार्यकर्ते उगाच तपासत नाहीत.

व्युत्पत्तीनेही प्रतिमाच पुढे जाते. प्रति अधिक मा. मा म्हणजे मोजणे. माप, प्रमाण, उपमा, परिमाण ही तिची सख्खी भावंडे. समोर ठेवून मोजून केलेली ती प्रतिमा. आपल्या शिल्पशास्त्रांत हे मोजणे अक्षरशः चालते: बारा अंगुळांचा एक ताल, म्हणजे एक चेहरा, आणि नवताल मूर्ती नऊ चेहरे उंच. आता ग्रीसकडे या. फुर्ना गावचा दिओनिसिओस नावाचा भिक्षू-चित्रकार अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात चित्रकारांसाठी एक मार्गदर्शिका लिहितो आणि शिष्याला सांगतो की माणूस कपाळापासून टाचेपर्यंत नऊ चेहरे उंच धरावा. कोणी कोणाकडून घेतले, हे हुडकण्यात मला रस नाही. पण ज्या कलेत कल्पनेआधी माप येते तिच्यासाठी मापाच्या धातूतून निघालेला शब्द आपल्याकडे तयार आहे, आणि तो सोडून आपण परक्या शब्दाच्या मागे लागलो आहोत.

देवघरातला टाक या चर्चेतून वगळून चालणार नाही. चांदीच्या पातळ पत्र्यावर ठोकून उठवलेला खंडोबा, कुलस्वामिनी, घरातला वीर. सपाट, तळहाताएवढा नाही, वर्षानुवर्षे घासून नाक-डोळे झिजलेला, तरी देव तोच. आयकॉनला वस्तू म्हणून मराठी घरात सर्वांत जवळचे काही असेल तर ते हेच. रशियात तर फळीवरच्या चित्राला चांदीच्या ठोकीव पत्र्याचे कवच चढवतात आणि चेहरा-हात तेवढे उघडे ठेवतात. पण टाक हा शब्द कुळाचाराला इतका बांधलेला आहे की तो दुसऱ्या धर्माच्या वस्तूला देणे बरे दिसणार नाही.

नाम ठरले, आता क्रियापद. इंग्रजीत गेली काही दशके असा आग्रह दिसतो की आयकॉन 'रंगवला' म्हणायचे नाही, 'लिहिला' म्हणायचे. कारण ग्रीक 'ग्राफेइन' आणि रशियन 'पिसात्' यांचा अर्थ लिहिणे. अर्धेच खरे आहे हे. ती दोन्ही क्रियापदे लिहिणे आणि चित्र काढणे अशी दोन्ही कामे पूर्वीपासून करतात. रशियन माणूस तेलरंगातले साधे व्यक्तिचित्रही 'पिसात्'च करतो. त्यात खास पावित्र्य इंग्रजीने भरले. संस्कृत 'लिख्' याच जातीचा: आधी ओरखडणे, मग चित्र काढणे आणि अक्षर लिहिणे. म्हणून चित्राला आलेख्य, आणि पाहिलेल्या पुरुषांची चित्रे काढून दाखवणारी उषेची सखी चित्रलेखा. बंगालचे पटुआ आजही पट 'लेखतात'. फोन्सेका ज्या प्रांतात कला शिकून आला तिथली ही बोली आहे. मराठीत मात्र 'लिहिणे' अक्षरांपुरते उरले. 'मी आयकॉन लिहितो' असे कोणी म्हणाले तर ऐकणारा विचारेल, ऱ्हस्व की दीर्घ?

मराठी माणूस चित्र काढतो. रांगोळी काढतो, फोटो काढतो, विहिरीतून पाणी काढतो, पायातला काटा काढतो, दृष्ट काढतो, माग काढतो, अर्थ काढतो. सगळीकडे भाव एकच: आत, खाली, अंधारात जे आहे ते बाहेर आणणे. आता प्रतिमाकाराचे काम जवळून पाहा.

फळीवर कापड चिकटवलेले, त्यावर सरसात कालवलेल्या खडूचे थरावर थर देऊन, घासून हस्तिदंतासारखी गुळगुळीत केलेली पांढरी भुई. प्रभामंडळाच्या जागी सोन्याचा वर्ख. मग अंडे. बलक पांढऱ्यापासून सोडवायचा, या तळहातावरून त्या तळहातावर लोळवून कोरडा करायचा, त्याची पातळ पिशवी दोन बोटांच्या चिमटीत धरून वाटीवर टांगायची आणि खालून टोचायची. पिवळा थेंब वाटीत, पिशवी चिमटीत. त्यात पाणी आणि थोडा शिरका किंवा वाइन, आणि मग वाटलेले मातीचे रंग. चेहऱ्याची सुरुवात उजळ रंगाने करायचीच नाही. आधी सगळा चेहरा काळपट हिरव्या-तपकिरी रंगाने भरायचा. रशियन चित्रकार याला 'सान्किर' म्हणतात. पाहणाऱ्याला वाटावे, हा चेहरा बिघडला. त्यावर गेरूचा पातळ थर, पण पहिल्याहून थोड्या लहान जागेत; त्यावर आणखी उजळ, आणखी लहान जागेत. गाल वर येतो, नाकाचा दांडा वर येतो. सावली घालण्याचा प्रश्नच नाही, ती आधीपासून आहे. प्रत्येक थराला उजेड तेवढा वाढतो. शेवटी डोळ्यांच्या कडेला, कपाळावर केसासारख्या बारीक पांढऱ्या रेघा. त्यांचे रशियन नाव 'ओझिव्की', जिवंत करणाऱ्या. आपल्याकडे मूर्तीचे नेत्रोन्मीलन शेवटी होते, त्याची आठवण इथे होतेच. यानंतर नाव घालायचे, कारण नाव नसलेली प्रतिमा पुरी झालेली धरत नाहीत. मग जवसाच्या तेलाचा हात. काम चालू असताना अनेक चित्रकार उपवास आणि प्रार्थना पाळतात. हे काम त्यांच्यासाठी साधना आहे, धंदा असला तरीही.

अंधारातून चेहरा बाहेर येईपर्यंत थरामागून थर देत राहणे याला 'काढणे' याहून नेमके क्रियापद मला ग्रीकमध्येही दिसत नाही. रंगवणे म्हणजे वरून लावणे. लिहिणे म्हणजे ओळीने पुढे जाणे. काढणे म्हणजे आतले बाहेर आणणे, आणि इथे नेमके तेच होते. तेव्हा मराठीत 'प्रतिमा काढणे' आणि करणाऱ्याला 'प्रतिमाकार' म्हणावे. ज्याला जुने रूप हवे त्याने 'चितारी' म्हणावे, त्या शब्दावर आता कोणाची बंदी नाही. बायबलातले 'प्रतिरूप' धर्मशास्त्राकडेच राहू द्यावे, ते तिथे शोभते.

फोन्सेकाची पुष्कळ चित्रे आज गोव्यात, आल्त पर्वरीच्या झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्चमध्ये आहेत. गोव्याला जाणाऱ्यांनी किनाऱ्यावरून तासभर चोरून तिकडे जावे. आणि वसई, अहमदनगर, जालना, सोलापूर इथल्या ख्रिस्ती वाचकांना एक विनंती. तुमच्या घरी भिंतीवरच्या येशूच्या किंवा मारियेच्या चित्राला आजी-आजोबा काय म्हणत? फोटो, तसबीर, प्रतिमा, इमाज, की आणखी काही? तो शब्द आणि घरी तो ज्या वाक्यात येई ते वाक्य, दोन्ही कळवा.